अमाइन्सचा धडा पाठ न करता कसा समजून घ्यावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमाइन्सच्या (अमोनियापासून बनलेल्या नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुगांच्या) इतक्या अभिक्रिया लक्षात कशा ठेवायच्या, ही पहिली. दुसरी अशी, की बेन्झिनच्या कड्यावरचा अमिनो गट (NH₂) नव्याने येणाऱ्या गटाला ऑर्थो (शेजारच्या) आणि पॅरा (समोरच्या) जागी पाठवतो असं पुस्तक सांगतं, मग अ‍ॅनिलीनच्या (अमिनो गट असलेल्या बेन्झिनच्या) नायट्रेशनमध्ये, म्हणजे कड्यावर नायट्रो गट बसवताना, जवळजवळ निम्मं मेटा (एक जागा सोडून) कुठून येतं? दुसरा प्रश्न सुटला की पहिल्याचं बरंचसं काम होऊन जातं, म्हणून त्याच्याकडे जायच्या वाटेनेच जाऊ.

मी हा धडा बरीच वर्षं शिकवतो आहे आणि मुलांना एकच सवय लावायचा प्रयत्न करतो. कुठलीही अभिक्रिया समोर आली की आधी विचारायचं, नायट्रोजनवरची लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी) या क्षणी कुठे आहे? मोकळी आहे, शेजाऱ्याबरोबर वाटली गेली आहे, की प्रोटॉनने अडकवून ठेवली आहे?

अमोनियातला एक, दोन किंवा तीनही हायड्रोजन काढून तिथे कार्बनचे गट बसवले की अनुक्रमे प्रायमरी, सेकंडरी आणि टर्शरी अमाइन मिळतात. तिन्हींत ती जोडी शाबूत असते. चौथा गट जोडला की जोडी खर्ची पडते आणि क्वाटर्नरी अमोनियम क्षार तयार होतो. उत्कलनबिंदूंवर फार वेळ घालवू नका. प्रायमरी अमाइनकडे दोन एन-एच बंध, सेकंडरीकडे एक, टर्शरीकडे एकही नाही, त्यामुळे सारख्याच रेणुसूत्राच्या ब्यूटाइलअमाइनला उकळायला सुमारे ७८ अंश सेल्सिअस लागतात, डायएथिलअमाइनला ५६. ब्यूटाइल अल्कोहोल मात्र ११७ च्या आसपास उकळतं, कारण ओ-एचचा हायड्रोजन बंध जास्त मजबूत.

खरी गंमत बेसिसिटीत, म्हणजे प्रोटॉन उचलण्याच्या ताकदीत आहे. पीकेबी हा ती ताकद मोजणारा आकडा; तो जितका कमी तितका बेस जोरदार. अमोनियाचा ४.७५, मेथिलअमाइनचा ३.३८, डायमेथिलअमाइनचा ३.२७. इथपर्यंत सरळ आहे: मेथिल गट इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो, जोडी प्रोटॉनला द्यायला सोपी जाते. मग ट्रायमेथिलअमाइन सगळ्यांत जोरदार हवा होता, पण त्याचा आकडा आहे ४.२२. वायुरूपात मोजलं तर टर्शरीच सर्वांत जोरदार ठरतो. गडबड पाण्यात होते. प्रोटॉन घेतल्यावर तयार होणाऱ्या अमोनियम आयनाला पाणी हायड्रोजन बंधांनी सांभाळतं, आणि टर्शरीच्या आयनावर असा बंध करायला एकच हायड्रोजन उरतो. शिवाय तीन गटांची गर्दी असतेच. म्हणजे प्रश्न फक्त ‘जोडी किती मोकळी’ एवढाच नसतो; जोडी दिल्यावर जो आयन बनला तो किती सुखात आहे, हेही बघावं लागतं. एथिल गट घेतले तर क्रम पुन्हा थोडा बदलतो (सेकंडरी, मग टर्शरी, मग प्रायमरी), आणि परीक्षक नेमका तोच विचारतात.

आता अ‍ॅनिलीन. पीकेबी ९.३८. तितक्याच कार्बनांचं सायक्लोहेक्झाइलअमाइन घ्या, ते अ‍ॅनिलीनपेक्षा जवळपास दहा लाख पट जोरदार बेस आहे. फरक एवढाच, की अ‍ॅनिलीनची जोडी बेन्झिनच्या कड्यात शिरून ऑर्थो आणि पॅरा जागांवर वाटली गेली आहे. पॅराला नायट्रो गट बसवला तर तो जोडी आणखी ओढून घेतो आणि बेसिसिटी अजून खाली जाते. अमाइडमध्ये शेजारचा कार्बोनिल (C=O) गट हेच काम इतकं चोख करतो, की अमाइडला व्यवहारात बेस म्हणतच नाहीत.

पण याच वाटणीमुळे कडं इलेक्ट्रॉनांनी भरून जातं. अ‍ॅनिलीनमध्ये ब्रोमीनचं पाणी टाकलं की कुठल्याही उत्प्रेरकाशिवाय, साध्या तापमानाला, २,४,६-ट्रायब्रोमोअ‍ॅनिलीनचा पांढरा साका पडतो. एकावर थांबायला सांगितलं तरी थांबत नाही.

मग नायट्रेशनला काय होतं? तिथे तुम्ही तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल वापरता, आणि अ‍ॅनिलीन बेस आहे. नायट्रेशन सुरू व्हायच्या आतच बहुतेक रेणूंनी प्रोटॉन उचललेला असतो. जोडी अडकली. आता कड्यावर अमिनो गट नाहीच, धन प्रभाराचा अ‍ॅनिलिनियम आहे, आणि तो कड्यातले इलेक्ट्रॉन ओढतो. म्हणून मेटा. पुस्तकातले आकडे साधारण असे असतात: पॅरा ५१ टक्के, मेटा ४७, ऑर्थो २. पॅराचा वाटा का टिकतो, तर मोकळं अ‍ॅनिलीन अगदी थोडं उरलं तरी ते फार वेगाने अभिक्रिया करतं, आणि अ‍ॅनिलिनियम आयनही काही शंभर टक्के मेटा देत नाही. म्हणजे अमिनो गटाचा नियम कुठेच मोडलेला नाही. तुम्ही ज्याच्यावर तो लावत होतात तो गटच बदलून गेला होता.

इलाज म्हणून अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड घालून आधी अ‍ॅसिटॅनिलाइड करतात. जोडी आता कार्बोनिल आणि कडं अशा दोघांत वाटली जाते: प्रोटॉन धरण्याइतकी मोकळी नाही, पण पॅराला वाट दाखवण्याइतकी शिल्लक आहे. नायट्रेशन करा, मग जलअपघटनाने अ‍ॅसिटाइल काढा, पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलीन मुख्य उत्पादन म्हणून मिळेल. फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया अ‍ॅनिलीनवर चालत नाही त्याचंही कारण हेच. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड ती जोडी धरून बसतं.

तयार करण्याच्या पद्धतींकडेही याच नजरेने बघा. अल्काइल हॅलाइड आणि अमोनिया एकत्र तापवले की प्रायमरी अमाइन बनतं, पण ते अमोनियापेक्षाही चांगलं न्यूक्लिओफाइल (जोडी देऊन कार्बनवर हल्ला करणारं) असतं, म्हणून तेच पुढच्या हॅलाइडवर धावून जातं आणि शेवटी प्रायमरीपासून क्वाटर्नरीपर्यंत सगळ्यांचं मिश्रण हाती येतं. गॅब्रिएलने १८८७ साली यावर तोडगा काढला: नायट्रोजन दोन कार्बोनिलांच्या मध्ये ठेवायचा, म्हणजेच थॅलिमाइड. पोटॅशने त्याचा प्रोटॉन काढून एकदा अल्काइल गट बसवला की उरलेली जोडी कार्बोनिलांत गुंतलेली, दुसरा गट बसतच नाही. नंतर जलअपघटन किंवा हायड्राझीन, आणि शुद्ध प्रायमरी अमाइन. अ‍ॅनिलीन मात्र असं करता येत नाही, कारण क्लोरोबेन्झिनवर साधं एसएन-टू (एक गट आत येताना दुसरा बाहेर पडणं) होत नाही. त्यासाठी नायट्रोबेन्झिनचं क्षपण. प्रयोगशाळेत कथील आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, कारखान्यात लोखंडाचा भुगा, कारण फेरस क्लोराइडचं जलअपघटन होऊन आम्ल पुन्हा मिळत राहतं आणि थोड्याच आम्लात काम भागतं.

कार्बन मोजायला विसरू नका, गुण तिथेच जातात. अ‍ॅसिटामाइडवर ब्रोमीन आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे हॉफमनची अभिक्रिया, तर मेथिलअमाइन: एक कार्बन कार्बोनेट होऊन निघून गेला. त्याच अ‍ॅसिटामाइडवर लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड, तर एथिलअमाइन: सगळे कार्बन जागेवर. मेथिल आयोडाइडपासून सायनाइड करून क्षपण केलं, तर एक कार्बन वाढला.

चाचण्या झटपट. क्लोरोफॉर्म आणि पोटॅशने फक्त प्रायमरी अमाइन घाण वासाचं आयसोसायनाइड देतं. हिन्सबर्गच्या चाचणीत (बेन्झिनसल्फोनाइल क्लोराइडबरोबर) प्रायमरीच्या सल्फोनामाइडवर एक आम्लधर्मी हायड्रोजन उरतो म्हणून ते अल्कलीत विरघळतं, सेकंडरीचं विरघळत नाही, टर्शरी सल्फोनामाइड देतच नाही.

नायट्रस आम्लाबरोबरची अभिक्रिया मात्र सावकाश वाचा. अ‍ॅलिफॅटिक प्रायमरी अमाइनचा डायझोनियम (N₂⁺ गट असलेला आयन) टिकत नाही, लगेच नायट्रोजनचे बुडबुडे. अ‍ॅनिलीनचा ० ते ५ अंशांत टिकतो, कारण कडं त्याला आधार देतं. हे क्षार द्रावणातच वापरायचे. कोरडे केले तर त्यांचा स्फोट होऊ शकतो. पीटर ग्रीसने १८५८ मध्ये ही संयुगं शोधली आणि अझो रंगांचा सगळा उद्योग त्यावर उभा राहिला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांचा मोठा उपयोग वेगळाच आहे: अमिनो गट काम झाल्यावर काढून टाकता येतो. १,३,५-ट्रायब्रोमोबेन्झिन बनवायला सांगितलं तर बेन्झिनवर ब्रोमीन टाकून जमणार नाही, कारण पहिला ब्रोमीन पुढच्याला ऑर्थो-पॅराला पाठवतो. अ‍ॅनिलीन घ्या, ब्रोमीनचं पाणी, मग डायझोनियम, मग त्याच्या जागी हायड्रोजन बसवणारं हायपोफॉस्फरस आम्ल. वाट दाखवणारा गटच उरत नाही.

हे समजलं असेल तर पॅरा-टोल्युइडीनपासून (पॅराला मेथिल असलेल्या अ‍ॅनिलीनपासून) मेटा-ब्रोमोटोल्युइन करून बघा. एकच ब्रोमीन बसवायचा आहे, तेव्हा जोडी आधी झाकावी लागेल. उत्तर खाली लिहा, तपासून सांगतो.