नोंदीखालची तारीख

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ज्या मुक्तस्रोत लायब्रऱ्यांवर, म्हणजे इतरांनी खुला ठेवलेल्या तयार कोडवर, तुमच्या चमूचे काम उभे आहे, त्यांतील बदलांवर लक्ष कसे ठेवावे, आणि आपण भारतात बसून सॉफ्टवेअर पेटंटची काळजी का करावी, असे दोन प्रश्न तू वेगवेगळे विचारले आहेस. मला ते एकमेकांना लागूनच असलेले वाटतात, म्हणून उत्तरही एकत्र देतो.

पहिल्याचे उत्तर जुने आणि बिनखर्चाचे आहे : फीड, म्हणजे संकेतस्थळावर काही नवे आले की त्याची यादी आपोआप पुरवणारी फाइल. आरएसएस आणि अ‍ॅटम ही तिची दोन रूपे. आरएसएस नेटस्केपने 1999 मध्ये आणले, अ‍ॅटमचे प्रमाणित रूप 2005 मध्ये आले, आणि 2013 मध्ये गूगलने फीड वाचण्याचे आपले साधन, रीडर, बंद केले तेव्हा अनेकांनी फीडचे श्राद्धही उरकून घेतले. तंत्र मात्र निमूटपणे चालू राहिले. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरील सार्वजनिक प्रकल्पाच्या रिलीजेस (आवृत्त्यांच्या) पानाच्या पत्त्याला शेवटी ‘डॉट अ‍ॅटम’ जोडले की नव्या आवृत्त्यांचे फीड हाती येते. जे प्रत्यक्ष वापरता त्यांचेच फीड लाव. प्रत्येक कमिटचे, म्हणजे कोडमधल्या एकेका बदलाचे, लावलेस तर आठवडाभरात वाचणेच सोडशील. आवृत्तीची नोंद वाचताना सुरक्षेच्या दुरुस्त्यांइतकेच परवान्यातील, म्हणजे कोड वापरण्याच्या अटींतील, बदलाकडेही लक्ष दे. अपाचे 2.0 परवान्यात योगदान देणारे आपल्या संबंधित पेटंटच्या वापराची मुभा स्पष्ट शब्दांत देतात, एमआयटी परवान्यात मात्र पेटंटचा उल्लेखच नाही. फेसबुकने आपल्या लायब्ररीच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टच्या परवान्याला पेटंटविषयक वेगळे कलम जोडले होते. त्यावरून एवढा गदारोळ झाला की सप्टेंबर 2017 मध्ये त्यांना ते काढून एमआयटी परवाना स्वीकारावा लागला. असे बदल आवृत्तीच्या नोंदीत एका ओळीत उरकलेले असतात.

आता पेटंट. पॉडकास्ट म्हणजे ध्वनिफाइलचा पत्ता जोडलेले आरएसएस फीडच. तरीही अमेरिकेत पर्सनल ऑडिओ नावाच्या कंपनीला 2012 मध्ये असे पेटंट मिळाले, की ज्याच्या आधारे भागांच्या मालिकेने ध्वनी पोहोचवण्याच्या पद्धतीवरच तिने हक्क सांगितला. मूळ अर्ज ऑक्टोबर 1996 चा होता. एकेकाळी हीच कंपनी नियतकालिकांतील लेख वाचून दाखवणाऱ्या कॅसेट विकत असे, हेही सांगायला हवे. 2013 मध्ये तिने पॉडकास्ट करणाऱ्यांवर खटले भरले, आणि त्याच वर्षी डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीची मागणी केली. पेटंट कशाने पडले ते नीट पाहा : सीएनएनच्या इंटरनेटवरील बातम्या आणि कॅनडाच्या सीबीसीचा ‘क्वर्क्स अँड क्वार्क्स’ हा विज्ञानविषयक कार्यक्रम, हे दोन्ही 1996 च्या अर्जापूर्वी अशाच तऱ्हेने भागाभागाने उपलब्ध होत होते आणि त्याचे लेखी पुरावे सापडले. एप्रिल 2015 मध्ये पेटंटमधील आव्हान दिलेले हक्कदावे रद्द झाले, 2017 मध्ये अपिलातही तोच निर्णय टिकला. कल्पना उघड आहे, ती कुणालाही सुचली असती, हे म्हणणे आपल्याला कितीही पटले तरी तिथे तारीख असलेला, आधी प्रसिद्ध झालेला मजकूर दाखवावा लागतो.

भारतात 1970 च्या पेटंट कायद्याचे कलम 3(के) केवळ संगणक प्रोग्रॅम म्हणून असलेल्या गोष्टीला पेटंट नाकारते. डिसेंबर 2004 च्या वटहुकमाने ते सैल करू पाहिले होते. 2005 मध्ये संसदेने ते मान्य केले नाही. पण ‘केवळ’ या शब्दावरच वकिलांचा सगळा खल चालतो, आणि तांत्रिक परिणाम दाखवून अनेक अर्ज त्यातून वाट काढतात. शिवाय पेटंट देशापुरते असले, तरी तुमचे ग्राहक अमेरिकेत असतील तर तिथला कायदा तुमच्या दाराशी येतोच.

म्हणून, उद्या असा तारीख असलेला मजकूर दाखवता यावा यासाठी, तुमच्या स्वतःच्या आवृत्त्यांच्या नोंदी मन लावून लिहा. मी कित्येक वर्षे ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहून मोकळा होत असे. आज त्या नोंदी मलाच वाचून काही कळत नाही, मग पेटंट कार्यालयातल्या परक्या तपासनीसाला काय कळणार? कोणती अडचण होती, कोणती पद्धत वापरली, ती कशी चालते, हे चार-पाच वाक्यांत लिहा आणि नोंद सर्वांना दिसेल अशा जागी ठेवा. खासगी रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) किंवा चमूच्या चॅटमध्ये पडून राहिलेला मजकूर प्रसिद्ध झाला असे मानले जात नाही, त्यामुळे दुसऱ्याचे पेटंट पाडायला तो सहसा कामी येत नाही. मात्र एखाद्या युक्तीचे पेटंट तुम्हालाच घ्यायचे असेल तर आधी वकिलाला विचारा आणि मगच प्रसिद्ध करा, कारण तीच नोंद तुमच्याही अर्जाच्या आड येऊ शकते.

पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली की तिच्या फीडचा पत्ता कळव. माझ्या रीडरमध्ये जोडून घेतो.

कळावे,
तुझा शुभचिंतक