आजोबांच्या .२७५ रायफलीची नळी बदलून .३०-०६ करून घ्यावी का?

तुम्ही लिहिले आहे की आजोबांची माउझर बनावटीची .२७५ रिग्बी रायफल वारसाहक्काने तुमच्या परवान्यावर आली आहे, तिची काडतुसे मिळत नाहीत, गोळ्याही फाकतात, आणि म्हणून नळी बदलून ती .३०-०६ करून घ्यावी असे तुम्हाला सुचवले जात आहे. माझे मत स्पष्ट आहे: करू नये. काडतुसे न मिळणे आणि गोळ्या फाकणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकत्र बांधून नळीवर ढकलल्या की कारागिराला काम मिळते आणि घरातली चांगली वस्तू कायमची बदलून जाते.

हे मी ठामपणे लिहितो, कारण हाच वाद आमच्या घरात झालेला आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची याच बोअरची (म्हणजे नळीच्या याच आतल्या मापाची) रायफल माझ्याकडे आली, तेव्हा १०० मीटरवर तिच्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेतही बसत नव्हत्या. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, यांनी एका कारागिराला बोलावून घेतले. त्याने बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा सरकता दांडा) काढला, नळी उजेडाकडे धरून एकदा आत पाहिले आणि आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) संपले आहेत, नळी मेली आहे, असा निकाल दिला. त्याने ना कापसाची चिंधी आत घातली, ना दस्त्याचे स्क्रू तपासले. दादांना तेवढे पुरे झाले. मला झाले नाही.

वडिलांच्या जुन्या सुती धोतराचे चौकोनी तुकडे कापून, अमोनिया असलेले द्रावण लावून, मी ती नळी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या, बाजूने साफ करायला घेतली. पहिल्या चिंध्या काळ्या निघाल्या, पण त्यानंतरच्या मोरचुदासारख्या निळ्या निघू लागल्या आणि कित्येक संध्याकाळी निळ्याच निघत राहिल्या. गोळीच्या आवरणातले तांबे वर्षानुवर्षे आट्यांत साचले होते; ते निघाल्यावर आट्यांच्या कडा बोटाला टोचतील इतक्या स्वच्छ दिसू लागल्या. पुढे असे आढळले की चापाच्या कड्यापुढचा मोठा स्क्रू सैल होता. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, हवा कोरडी असते, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात अक्रोडाचा दस्ता आकसतो. लाकूड आकसले होते, स्क्रू जागच्या जागी होता, आणि पोलादी अ‍ॅक्शन, म्हणजे नळी व बोल्ट ज्यात बसतात तो सांगाडा, प्रत्येक बारागणिक दस्त्यात हलत होती. ती नीट बसवून घेतल्यावर त्याच "मेलेल्या" नळीतून गोळ्या चहाच्या बशीच्या आतल्या वर्तुळात बसू लागल्या. दादांनी ते लक्ष्य हातात घेऊन पाहिले आणि काडतुसे चांगली असतील, एवढेच म्हणाले.

दादांनी स्वतःच्या रायफलीची नळी मात्र बदलून घेतली. वरवर पाहता हा बदल सोपा वाटतो, कारण ७×५७ (.२७५ रिग्बीचेच दुसरे नाव) आणि .३०-०६ या दोन्ही काडतुसांचे बूड सुमारे १२ मिलिमीटरचे असते आणि बोल्टला हात लावावा लागत नाही. पण ७×५७ च्या पूर्ण काडतुसाची कमाल लांबी ७८ मिलिमीटर आहे, तर .३०-०६ ची जवळजवळ ८५. त्यांच्या रायफलीचे मॅगझिन आखूड काडतुसासाठी घडवलेले होते, म्हणून कारागिराने काडतूस ज्यावरून चेंबरकडे चढते ती पुढची उतरण कानशीने घासून जागा केली. बार होताना बोल्टला जागी धरणाऱ्या खालच्या अडसराला ज्या पोलादाचा आधार असतो, त्यालाच ती उतरण लागून असते. अधिक दाबाचे काडतूस घालायचे आणि आधाराचे पोलाद कमी करायचे, याला मी सुधारणा म्हणणार नाही. दादांची रायफल आजही दुसरे काडतूस उचलताना अडकते.

रानडुकरासाठी .३०-०६ ची ताकद लागते, हा दादांचा दुसरा मुद्दा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली आहे. लेखी परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडणे गुन्हा आहे. शिकार उरलेली नसताना शिकारीसाठी बोअर वाढवणे मला पटत नाही. रेंजवरच्या कागदाला ७ मिलिमीटरची गोळी पुरेशी आहे.

काडतुसांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. मात्र .२७५ रिग्बी आणि ७×५७ माउझर हे एकच काडतूस आहे, तेव्हा विक्रेत्याकडे ७×५७ या नावानेही मागणी नोंदवा. देशी काडतुसावरच चालणारी रायफल हवी असेल, तर ईशापूर कारखान्याची .३१५ रायफल वेगळी घ्या; शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोन शस्त्रे ठेवता येतात. तुमच्या माउझरला .३१५ ची नळी बसवण्याचा विचारही करू नका, कारण ते काठाचे, म्हणजे बुडाची कडा बाहेर आलेले, काडतूस आहे आणि माउझरचा बोल्ट व मॅगझिन बिनकाठाच्या काडतुसासाठी आहेत.

इतके लिहिल्यावर काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. नळीवरचा शिक्का आधी वाचा, कारण .२७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे पूर्णपणे वेगळे काडतूस आहे. चेंबरमध्ये गंजाचे खोल खड्डे असतील किंवा नळी कुठे फुगलेली असेल, तर एकही बार काढू नका. अशा वेळी नळी बदलणे योग्यच आहे, पण त्याच बोअरची, आणि बसवल्यावर हेडस्पेस गेजने (चेंबरमधल्या काडतुसाला बोल्टपुढे किती जागा आहे ते मोजणाऱ्या मापाने) तपासून घेतलेली. १८९८ च्या आधीच्या माउझर अ‍ॅक्शनवर .३०-०६ बसवू नये. हे काम रूपांतराचा परवाना असलेल्या कार्यशाळेतच करता येते. शस्त्रावरील क्रमांक खोडणे किंवा बदलणे यास शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार मनाई आहे, आणि जुन्या नळीवर क्रमांक असू शकतो. म्हणून नळीला पाना लावण्यापूर्वी शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाकडे, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज करा आणि त्याची पोच जपून ठेवा.