बुधवारच्या बाजारातून आणलेल्या पिल्लांची जात रंगावरून कळेल का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आठवड्याभराची बारा पिल्लं आणली. पाच पिवळी, तीन काळी, चार पट्ट्यांची. विकणाऱ्याने काळी 'कडकनाथ' आणि बाकी सगळी 'गावरान' सांगून दिली. हे खरं का, आणि यातली अंड्यावर कोणती येतील, असा तुमचा प्रश्न आहे. नुसत्या लवेच्या रंगावरून जात ठरत नाही. पण कोणती जात नाही, हे मात्र बऱ्यापैकी कळतं.

पिवळ्यांचं आधी सांगतो, कारण लोक तिथेच जास्त फसतात. एकही डाग नसलेलं पिवळं पिल्लू बहुधा मोठेपणी पांढरं होतं. अशी एकसारखी पाच मिळाली असतील तर ती गावरान नाहीत. एक तर ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवायची, नाहीतर पांढऱ्या लेगहॉर्न या अंड्यांच्या जातीचे नर. अंड्यांच्या हॅचरीत पहिल्याच दिवशी माद्या निवडून घेतात आणि नर कवडीमोलाने बाहेर जातात. जत्रेत गुलाबी-हिरवी पिल्लं दिसतात तीही बहुतेक हीच. तो रंग फक्त लवेवर असतो, पिसं फुटली की जातो. फरक ओळखायला पाय बघा. ब्रॉयलरचे पाय जाड, छाती रुंद आणि खाऊन झालं की ते बसून राहतं. चांगलं खाद्य मिळालं तर दोन आठवड्यांत 400 ग्रॅमच्या पुढे जातं. लेगहॉर्नचा नर तोवर जेमतेम सव्वाशे ग्रॅमचा, पण चपळ. या विक्रीचा मला मनापासून राग येतो. पेठ-सुरगाण्याकडची एखादी बाई अंड्यांच्या आशेने पैसे मोजते, पाच महिने दाणा घालते आणि शेवटी दारात नुसते कोंबडे आरवतात.

आता काळी. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागातला. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची पिल्लं निळसर ते काळी असतात आणि पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असतात. पण लवेकडे बघत बसू नका. पिल्लू हातात घ्या, चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, मग पोटाची लव फुंकरीने बाजूला करून कातडी बघा. सगळं काळपट असेल तर कडकनाथचं रक्त आहे. मात्र कातडीचा तो काळेपणा संकरातही अनेकदा उतरतो, म्हणून पिल्लू शुद्ध आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. पाठ काळी, पण गळा, पोट आणि पंखांची टोकं पांढुरकी-पिवळसर, तोंड गुलाबी आणि तळपाय फिके असतील, तर ते ब्लॅक ऑस्ट्रोलॉर्प. वाईट काहीच नाही, अंड्याला उत्तम. फक्त कडकनाथच्या भावाने घेऊ नये. काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरट ठिपका असेल तर पिसांवर पुढे बहुतेक आडवे पांढरे पट्टे येतात. ते प्लायमाउथ रॉककडचं लक्षण.

पट्ट्यांची चार मला सगळ्यात आश्वासक वाटतात. पाठीवर खारीसारखे पट्टे आणि डोळ्यामागे गडद रेघ हा पाळीव कोंबडीच्या मूळ पूर्वजाचा, लाल रानकोंबडीचा रंग. गवतात घारीला पिल्लू दिसू नये म्हणून तो असतो. आपल्या गावरानात तो अजून टिकून आहे. पण 'गावरान' ही एका रंगाची जातच नाही. एका खुडूक कोंबडीखाली अंडी बसवा, पट्ट्यांची, काळी, तांबूस, फिकी अशी सगळी निघतात. त्यात हैदराबादची वनराजा आणि बंगळूरची गिरिराजा या जाती तर गावात खपाव्यात म्हणूनच रंगीत केल्या आहेत. सारखी गंजासारखी तांबडी पिल्लं दिसली तर ऱ्होड आयलंड रेड समजा. तुमच्यात तशी नाहीत.

लवेपेक्षा तुरा भरवशाचा. एकेरी दातेरी तुरा असेल तर त्यावरून काही सांगता येत नाही. पण तीन बुटक्या ओळींचा बसका तुरा आणि लांब, मजबूत पाय दिसले तर असील या झुंजीच्या जातीचं रक्त धरा. उघड्या मानेचं पिल्लू तर अंड्यातून निघतानाच ओळखू येतं, मानेवर लव नसतेच.

नक्की उत्तर पाच-सहा आठवड्यांनी, पिसं भरल्यावर मिळेल. तोवर कोणतं पिल्लू मूळचं कोणत्या रंगाचं होतं हे लक्षात राहत नाही, म्हणून आजच प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचा सैल दोरा बांधा आणि दर आठवड्याला तो सोडून पुन्हा बांधा, नाहीतर पाय वाढला की रुततो. निफाडकडे राहत असाल तर सध्याच्या थंडीत जातीआधी उबेचं बघा. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 35 अंश लागतात, नंतर दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्या. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी पडतेय, दूर पळून चोच वासत असतील तर जास्त होतेय.