पावतीचा फोटो काढलात का?

प्रश्न: लग्नाच्या आहेरासाठी दादरला रानडे रोडवर साड्या घेतल्या. एकीचा रंग घरी आल्यावर आवडला नाही, दुसरीच्या पदराची जर उसवलेली निघाली. दुकानदार बिलावरची ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ दाखवतो. पैसे परत मिळतील का?

उत्तर: दोन्ही साड्यांचा हिशेब वेगळा आहे. रंग न आवडणं हा दोष नव्हे. ती साडी बदलून मिळाली तर दुकानदाराची मेहरबानी; तिथे गोडीगुलाबीनंच घ्या. उसवलेल्या जरीचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. परतीची मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, नसेल तर ३० दिवस. त्या छापील ओळीच्या आड दुकानदाराला लपता येत नाही.

मात्र साडी फॉल-पिकोला टाकू नका, ब्लाउजपीस कापू नका. एकदा कात्री लागली की दोष मागाचा की शिंप्याचा, हा वाद संपत नाही. दिवसाउजेडी साडी पूर्ण उलगडून दोषाचा जवळून आणि लेबलासह लांबून असे फोटो काढा. बिलाचाही आजच काढा. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हानं, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्यानंही उडतात. रविवारी संध्याकाळच्या गर्दीत जाण्यात अर्थ नाही. मधल्या वारी दुपारी जा आणि सेल्समनशी हुज्जत न घालता गल्ल्यावर बोला. नकार मिळाला तर बिल क्रमांक, दोष आणि मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

प्रश्न: ‘दोनवर एक मोफत’मधला एक कुर्ता परत केला, तर क्रेडिट नोट (पैशांऐवजी पुढच्या खरेदीत वापरायची चिठ्ठी) फारच कमी रकमेची मिळाली. ही फसवणूक का?

उत्तर: बहुधा नाही. ९०० रुपयांचे तीन कुर्ते १८०० ला दिले की बिलात प्रत्येकी ६०० लागतात. परतीला तेच ६००. बिलातली ‘नेट’ रक्कम पाहा. क्रेडिट नोटेवर मुदत असते आणि पुष्कळ दुकानांत ती एकाच खरेदीत संपवावी लागते, हेही तिथेच वाचून घ्या. कुर्ता सदोष असेल तर नोट घेऊच नका, पैसे मागा.