समुद्रकड्यावर कॅमेरा नेण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा आणि सोबतचे कड्याचे फोटो लक्षपूर्वक पाहिले. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या दोन तरुणांनी गावाजवळच्या समुद्रकड्यावर चढाईचा नवा मार्ग काढावा आणि तू ती सगळी खटपट एका हंगामात, कोणाच्याही आश्रयाशिवाय चित्रित करावीस, ही कल्पना मला मनापासून आवडली. प्रस्तरारोहण म्हटले की आपल्यापुढे लिंगाणा, तैलबैला, नागफणी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही सह्याद्रीतील नावे उभी राहतात. लाटांना लागून असलेल्या कातळाकडे त्या नजरेने पाहणारे फार थोडे. मात्र तुझ्या आराखड्यात पहिल्या पानापासून कॅमेरा, लेन्स आणि ड्रोन यांचाच विचार आहे; दोर कोठे बांधायचा याविषयी एक ओळही नाही. माझ्या मते अशा डॉक्युमेंटरीचे नियोजन दोरापासूनच सुरू झाले पाहिजे. कॅमेरा कोठे लटकेल, किती वेळ लटकेल आणि कोणते दृश्य आपल्याला मिळणारच नाही, हे दोर ठरवतो. म्हणून या पत्रात मुख्यतः त्याविषयीच लिहितो.

प्रथम कड्याची ओळख करून घे. तुझ्या फोटोंत वर तांबूस जांभ्याचा थर आणि खाली काळा बेसॉल्ट स्पष्ट दिसतो. जांभा हा बेसॉल्टच दीर्घकाळ ऊन-पावसात विघटित होऊन तयार झालेला खडक आहे. तो सच्छिद्र असतो, खाणीतून काढताना चिऱ्याला सहज कापला जाण्याइतका मऊ असतो आणि हवेत उघडा पडल्यावर वरून टणक होतो. या वरवरच्या टणकपणावर विश्वास ठेवून त्यात बोल्ट, म्हणजे दोर अडकवण्यासाठी खडकात बसवायचे धातूचे खिळे, ठोकू नयेत. जांभा आणि बेसॉल्ट यांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर असतो. पावसाळ्यात मुरलेले पाणी त्यातून पाझरत राहते, माती धुपते आणि वरचे जांभ्याचे ठोकळे अधांतरी राहतात. चढाई करणारे खालून बेसॉल्टवर चढत येतील, तो त्यांच्या दृष्टीने चांगला दगड आहे. कॅमेरामन मात्र वरून, याच अधांतरी ठोकळ्यांवरून खाली उतरणार आहे. त्यामुळे तुझ्या चित्रीकरणातील सर्वांत धोक्याची जागा चढाईच्या मार्गावर नसून कड्याच्या माथ्यावरच्या शेवटच्या काही फुटांत आहे.

सड्यावर, म्हणजे कड्याच्या माथ्यावरील जांभ्याच्या सपाट पठारावर, झाड सहसा मिळत नाही, हेही लक्षात घे. अँकरसाठी, म्हणजे दोर बांधण्याच्या भक्कम आधारासाठी, काठापासून बरेच मागे जाऊन भक्कम मुळांचे झाड किंवा उघडा पडलेला एकसंध कातळ शोधावा लागेल आणि तेथून काठापर्यंत लांब दोर आणावा लागेल. भार एकाच ठिकाणी न देता निदान तीन स्वतंत्र जागांवर विभागून घ्या. अँकर एकाने बांधावा आणि दुसऱ्याने, जो बांधताना हजर नव्हता अशाने, तो तपासावा. दोर जेथे काठावरून वळतो तेथे गोणपाटाच्या किंवा जाड कॅनव्हासच्या घड्या घालून त्या दोरीने बांधून टाका, कारण जांभ्याची कडा इतकी खरखरीत असते की लटकलेल्या माणसाच्या हालचालीने दोर तिच्यावर घासत राहिला तर त्याचे आवरण पाहता पाहता फाटते. कड्यावर आधीच ठोकलेला एखादा जुना बोल्ट किंवा लोखंडी सळई सापडली, तर तिला दोर लावू नका. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा आतून तडकतात आणि बाहेरून त्याची खूण फारशी दिसत नाही. थायलंडच्या किनाऱ्यावरील कड्यांवर याच कारणाने टायटॅनियमचे बोल्ट बसवावे लागले.

आता कॅमेरामनविषयी. चढाई करणाऱ्याचा दोर डायनॅमिक असतो, म्हणजे पडणाऱ्या माणसाचा झटका तो ताणून घेतो. प्रमाणित दोर पहिल्या मोठ्या झटक्यात ४० टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी ते मान्य धरले जाते. कॅमेरामनला मात्र स्थिर लटकायचे असल्याने त्याचा दोर स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा हवा, आणि त्यावर तो जुमार या दोर पकडणाऱ्या साधनाने वर चढेल व उतरण्याच्या वेगळ्या साधनाने खाली येईल. हे दोन दोर, त्यांचे अँकर आणि ते सांभाळणारी माणसे पूर्णपणे वेगवेगळी असली पाहिजेत. कॅमेरामनने लीड करणाऱ्याच्या, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणाऱ्याच्या, खाली कधीही राहू नये. पडण्याच्या रेषेपासून बाजूला आणि थोडे वर, हीच त्याची जागा. तेथून चेहरा दिसतो, हात दिसतात आणि खाली उसळणारे पाणीही चौकटीत येते, म्हणजे सुरक्षित जागा आणि चांगली चौकट येथे सुदैवाने एकच आहे. कॅमेरा, बॅटरी, फिल्टर, जे जे हातात येईल ते ते दोरीने हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्यांना, बांधलेले असावे. दोरावर लटकून लेन्स बदलण्याचा विचारही करू नको. २४-७०सारखी एकच झूम लेन्स लावून उतर आणि जे तिच्यात मावणार नाही ते सोडून दे.

तुझ्या संघात चढाईचा पक्का अनुभव असलेली, कॅमेऱ्याशी काहीही संबंध नसलेली एक व्यक्ती केवळ दोरांसाठी हवी. ‘आज थांबा’ असे तिने म्हटले की त्यावर चर्चा होणार नाही, हे पहिल्या दिवशीच सर्वांसमोर ठरव. पैसे अपुरे असल्याने हे काम तूच करशील, असे तुझ्या अंदाजपत्रकावरून दिसते. तसे करू नको. दिग्दर्शकाला दृश्य हवे असते, आणि दृश्य हवे असलेल्या माणसाने दोराचा निर्णय घेऊ नये. त्यासाठी ड्रोन भाड्याने घेण्याचा खर्च काढून टाकावा लागला तरी चालेल.

ड्रोनबद्दल थोडक्यात सांगतो. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग केलेले आहेत आणि हिरव्या विभागातही साधारणपणे १२० मीटरपर्यंतच उडवता येते. किनाऱ्यावर संवेदनशील ठिकाणे पुष्कळ असल्याने आपली जागा आधी त्या नकाशावर पाहून घे. परंतु माझी खरी हरकत वेगळी आहे. तुझ्या तिसऱ्या फोटोत ओव्हरहँगच्या, म्हणजे पुढे झुकलेल्या कातळाच्या, खाली डाव्या बाजूला जो काळपट अर्धवर्तुळाकार डाग दिसतो, ते मला आग्या मोहोळ वाटते. दुर्बिणीने खात्री करून घे. ते मोहोळच असेल तर ड्रोनची घरघर, धूर, सुगंधी तेल, मोठ्याने मारलेल्या हाका यांपैकी कशानेही माश्या उठू शकतात, आणि दोरावर अडकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मोहोळ असेपर्यंत त्या बाजूचा मार्ग बंद समजावा. कपारींत शिकारी पक्ष्याचे घरटे आढळले तरी हाच नियम.

आता वेळेविषयी, कारण सह्याद्रीत चढणाऱ्याला ज्याचा विचार करावा लागत नाही असे एक घड्याळ तुझ्या कड्याखाली सतत चालू आहे. तुझ्या वेळापत्रकात फक्त इंग्रजी तारखा आहेत. तेथे तिथी लिहून काढ. आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा वाजता भरती, दशमीला साडेसात वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा तासांच्या थोडे पुढे ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून छापील भरती-ओहोटीचे तक्ते आणि गावातील तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, शब्द या दोन्हींशी तो ताडून पाहा. नियोजनाला मात्र तो फार उपयोगी पडतो. तुझा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारपर्यंत तो सावलीत राहील, मागे आकाश लख्ख असेल, आणि काळा दगड व पांढरा फेस एका चौकटीत सांभाळणे कठीण जाईल. कड्यावर उत्तम प्रकाश येतो तो चारनंतर. चारनंतरचा प्रकाश आणि मागे सरलेले पाणी हे दोन्ही एकत्र हवे असतील तर चतुर्दशी ते अमावास्या किंवा पौर्णिमा हेच दिवस येतात, कारण तेव्हा ओहोटी पावणेपाच ते साडेपाचच्या दरम्यान असते. हे दिवस उधाणाचे आहेत. ओहोटीला पाणी खूप मागे जाते आणि नंतर तितक्याच जोराने पुढे येते, तेही अंधार पडत असताना. म्हणून पूर्ण ओहोटी ही काम संपवून निघण्याची वेळ समजावी. शेवटचा माणूस आणि शेवटची पिशवी पायथ्याच्या कातळावरून पाणी वळण्याआधी बाहेर पडलीच पाहिजे. उलट अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी असते आणि पाण्याची चढउतार कमी असते. प्रकाश सपाट मिळतो, पण सराव, मुलाखती आणि पायथ्याशी बिले देणाऱ्याचे, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणाऱ्याचे, चित्रीकरण यांसाठी ते दिवस चांगले.

त्या बिले देणाऱ्याकडे तुझे दुर्लक्ष झाले आहे, असे मला वाटते. तुझ्या शॉट्सच्या यादीत वर चढणारा मुलगा सर्वत्र आहे आणि खाली दोर धरून उभी असलेली मुलगी फक्त दोन ठिकाणी. चढणाऱ्याचा चेहरा बहुतेक वेळ दगडाकडे वळलेला असतो. त्याची भीती, त्याचे अडखळणे, त्याचा निश्चय हे सारे खालच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर आणि हातांवर वाचता येते. दोर सोडणारा हात क्षणभर थांबतो, मान वर होते, ओठ आवळले जातात, मग पुन्हा वीतभर दोर सुटतो. एक कॅमेरा संपूर्ण चढाईभर तिच्यावरच ठेव, आणि त्यासाठी वरचा एखादा देखणा कोन गमवावा लागला तर गमाव.

या दोघांच्या वर्षाचा हिशेबही तुझ्या वेळापत्रकात यायला हवा. ज्या घराचे पोट हापूसवर आहे, तेथे मोहरावरच्या फवारण्या चुकवता येत नाहीत आणि मार्चपासून काढणी सुरू झाली की सवड उरत नाही. तू नेमके तेव्हाच सलग चित्रीकरण ठरवले आहेस. त्याऐवजी नोव्हेंबर ते जानेवारी कड्यावर काम कर आणि मार्च-एप्रिलमध्ये कॅमेरा घेऊन बागेत जा. झेला, म्हणजे आंबे उतरवण्याची जाळी लावलेली काठी, घेऊन फांदीवर तोल सांभाळणारा तोच मुलगा तुला तेथे दिसेल, आणि त्याचे पाय असे कोठे शिकले, हे निवेदनाच्या एका शब्दाशिवाय प्रेक्षकाला कळेल. समुद्रातून दृश्य घेण्यासाठी होडी हवी असेल तर तीही हिवाळ्यातच ठरव. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मग होड्या मोकळ्या मिळतील असे वाटले तरी तेव्हाच्या समुद्रात कड्याजवळ जाणे शक्य नसते.

ध्वनीला आराखड्यात अर्धे पान तरी द्यायला हवे होते. लाटांचा आवाज सलग असतो आणि बोलणे गिळून टाकतो. दोघांनाही कॉलरखाली, वाऱ्यापासून झाकलेला छोटा माइक आणि खिशात स्वतंत्र रेकॉर्डर दे. सकाळी मतलई वारा मंद असतो, अकरानंतर खारे वारे जोर धरतात. महत्त्वाचे संभाषण त्याआधी घे. मुलाखतीत त्यांना पुस्तकी मराठी बोलायला लावू नको. ते घरी जसे बोलतात तसेच बोलू दे आणि खाली सबटायटल दे.

सामानाबाबत एवढेच, की रोज संध्याकाळी कॅमेरा गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि दोर, कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत. १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने एका तासाचे चित्रीकरण सुमारे ४५ जीबी होते, त्यानुसार हार्ड डिस्कचा खर्च धर, आणि प्रत एकच ठेवू नको. परवानग्यांसाठी जागा ग्रामपंचायतीची, वनखात्याची की खासगी, हे आधी तलाठी कार्यालयातून काढ. सड्यावर कातळशिल्पे असतील तर त्यांच्यावरून गाडी किंवा दोर नेऊ नका.

एका गोष्टीत मी आग्रही आहे. मार्ग पहिल्यांदा पूर्ण होताना जे मिळेल ते मिळेल. जवळची दृश्ये नंतर पुन्हा चढून घ्यावी लागतील, आणि त्यात गैर काही नाही. परंतु पहिल्या प्रयत्नातली धडपड आणि नंतरची चढाई एकत्र जोडून एकच प्रसंग असल्याचे भासवू नको. पुन्हा घेतलेली दृश्ये आहेत, हे चित्रपटातच सांग. कॅमेरा लावून झाला म्हणून त्यांना दमलेल्या हातांनी आणखी एकदा चढायला लावू नको, आणि ते स्वतःहून तयार झाले तरी दोर सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारल्याशिवाय होकार देऊ नको. संकलनाची पहिली जुळणी झाली की ती महोत्सवांना पाठवण्यापूर्वी या दोघांना आणि त्यांच्या घरच्यांना दाखव. कड्याचे नेमके ठिकाण जाहीर करायचे की नाही, हे त्यांना ठरवू दे, कारण उद्या तेथे येणारी गर्दी त्यांच्या दारावरून जाणार आहे.

दिवाळीनंतर कॅमेरा न घेता दोन दिवस कड्यावर राहून ये, एक दिवस उधाणाचा आणि एक भांगाचा. माथ्यावर अँकरच्या जागांचा आणि खाली बाहेर पडण्याच्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा, आणि तिथीवार वेळापत्रक मला पाठव. ते पाहून मग लेन्सविषयी बोलू.

कळावे.

तुझा,
एक जुना सहकारी