सरांनी टॉवेल टाकला म्हणून

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तिसऱ्या राऊंडला सरांनी रिंगमध्ये टॉवेल टाकून तुझी बॉक्सिंगची लढत थांबवली, तेव्हापासून तू त्यांच्याशी बोलणंच टाकलंयस, असं कानावर आलं. 'मी उभी होते ना!' म्हणून सगळ्यांना सांगतेयस म्हणे. होतीस उभी, कबूल. पण ज्या अमेरिकन बॉक्सर जो फ्रेझरचा डावा हूक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, तू मोबाईलवर बघून बघून गिरवलास, त्याची मनिलाची लढत तू शेवटपर्यंत बघितलेली दिसत नाहीस.

1 ऑक्टोबर 1975. समोर मुहम्मद अली, हॉलमध्ये भट्टीसारखा उकाडा. चौदा राऊंड झाले तेव्हा फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला होता. डाव्यानं तर आधीपासूनच धड दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता, आणि तो त्यानं वर्षानुवर्षं लपवून ठेवला होता. म्हणजे अलीचा उजवा हात सुटलेला त्याला कळायचा तो तोंडावर बसल्यावरच. कोच एडी फच म्हणाले, बस, झालं. फ्रेझर ऐकेना, स्टुलावरून उठायला लागला. एकच राऊंड उरला होता आणि पलीकडे अलीही पार संपलेला होता. तरी फचनी लढत थांबवली. फ्रेझरला विचारलं असतं तर तो गेलाच असता. म्हणूनच बॉक्सरला विचारायचं नसतं.

आता आमच्या जातीची, म्हणजे कोच लोकांची, एक खोड सांगतो. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकची गोष्ट आम्ही फार रंगवून सांगतो. खरं तर निवड चाचणीत फ्रेझर बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसचा हात दुखावला म्हणून याला जायला मिळालं. सेमीफायनलला अंगठा मोडला, यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही आणि तसाच फायनल खेळून सोनं आणलं. ऐकणाऱ्या पोरांचे डोळे चमकतात. डोळ्याच्या मोतीबिंदूची गोष्ट मात्र आम्ही सांगत नाही. सवय तीच होती, दुखणं लपवायची. एकदा पदक मिळालं, एकदा मरता मरता वाचला.

त्याच्या हिमतीबद्दल शंका नाही. साउथ कॅरोलिनातल्या गरीब शेतकरी घरातला पोरगा, लहानपणी मोडलेला डावा हात कधी सरळ झाला नाही. फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम करून जिम गाठायचा. त्याच वाकड्या हातानं त्यानं 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कमध्ये, पंधराव्या राऊंडला, अलीला पाठीवर पाडलं. अलीवर बंदी होती तेव्हा त्याचं लायसन्स परत मिळावं म्हणून खटपट करणाराही हाच. पुढे अलीनं त्याची जी जाहीर टिंगल केली ती मला आजही पटत नाही, आणि फ्रेझरनं तो राग इतकी वर्षं उराशी धरला तेही नाही.

पण तू त्याला देव मानतेस म्हणून हेही सांगतो. 1983 मध्ये त्यानं आपल्या मुलाला, मार्व्हिसला, अवघ्या दहा व्यावसायिक लढतींच्या जोरावर विश्वविजेत्या लॅरी होम्ससमोर उभं केलं. पहिल्याच राऊंडला खेळ आटोपला. स्वतःला कधी थांबता आलं नाही, त्याला मुलालाही थांबवता आलं नाही, असं माझं मत. मुलगी जॅकी वकील होती. तिनं मात्र चाळिशीच्या तोंडावर ग्लोव्ह्ज घातले, 2001 मध्ये अलीच्या मुलीबरोबर, लैलाबरोबर, शेवटच्या राऊंडपर्यंत लढली, हरली, आणि नंतर न्यायाधीश झाली. गिरवायचंच असेल तर तिचंही काही गिरव.

असो. डोक्याला मार लागून लढत थांबली की किमान 30 दिवस सक्तीची विश्रांती असते. त्यात स्पारिंग, म्हणजे सरावाची लढतही नाही, मैत्रिणीबरोबर 'हलकंसं' सुद्धा नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, एकाचे दोन दिसतायत, यातलं काहीही असलं तर आजच डॉक्टरकडे जा. आणि सरांना फोन कर. माफी वगैरे राहू दे, त्यांना ती नकोच असणार. त्या राऊंडमध्ये तुला नेमकं काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, तेवढं खरं खरं सांग.

तुझे जुने सर