उर्दूला 'अल्पसंख्याक भाषा' म्हणायचं का?

प्रश्न असाय की उर्दूला 'अल्पसंख्याक भाषा' म्हणणं बरोबर का, आणि कायद्याचं संरक्षण आहे म्हणजे ती आपल्याकडे दुसरी राजभाषा झाली का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने राजभाषा मराठीच. उत्तर प्रदेशात उर्दू दुसरी राजभाषा आहे, त्यावरून हा घोळ होतो बहुतेक.

आता शब्द. बोलताना 'अल्पसंख्याक भाषा' चालून जातं, पण घटनेत भाषा अल्पसंख्याक नसते, माणसं असतात, आणि ती कोण हे राज्य धरून ठरतं, टी. एम. ए. पै खटल्यात २००२ ला सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं. म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावात कितीही उर्दू कानावर पडू दे, हिशेब अख्ख्या महाराष्ट्राचा, त्यामुळे तिथला उर्दू बोलणारा भाषिक अल्पसंख्याक. आणि बेळगावातला मराठी माणूसही तोच! शाळा काढायचा कलम ३० चा हक्क दोघांना सारखाच, आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय ३५०क मध्ये, ते १९५६ ला आलं. कलम २९ ची तर गंमतच आहे, 'अल्पसंख्याक' फक्त मथळ्यात, आत नुसतं 'नागरिकांचा गट', ज्याला स्वतःची भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे असा. लिपी वेगळी सांगितलीय हे उर्दूच्या बाबतीत महत्त्वाचं.

भाषेला दर्जा मिळतो तो घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे भाषांच्या यादीत, तिथे मराठी आणि उर्दू दोघी पहिल्यापासून आहेत, त्यात कोणी धाकटी नाही.

पाटीचा वाद तर अकोला जिल्ह्यातल्या पातूरहून दिल्लीपर्यंत गेला. नगरपरिषदेच्या बोर्डावर मराठीखाली उर्दू, १९५६ पासून. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, २०२२ च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे, सोबत उर्दू लिहायला बंदी नाही, आणि उर्दू इथेच जन्मलेली भाषा आहे. (वकील, दावा, जामीन, तारीख हे शब्द काढले तर आपल्या कोर्टात बोलणार काय?) नाशकात भद्रकालीतल्या दुकानाच्या पाटीचा नियम वेगळा, तिथे मराठी सुरुवातीला हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक नकोत, मग खाली उर्दू खुशाल लिहा.

तेव्हा लिहिताना माणसांना 'उर्दू भाषिक अल्पसंख्याक' म्हणा, भाषेला नुसतं उर्दू. आणि ते 'अल्पसंख्यांक' नका लिहू हो, संख्या + क आहे ते, अंकाचा काही संबंध नाही.